रोजचा दिवस आणि मनाची घडी

कल्याणहून कसाऱ्याच्या बाजूला गाडी निघाली की शहाड, आंबिवली आणि तिसरे स्टेशन टिटवाळा. महागणपतीचे गाव म्हणून ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. संकष्टीला तिथे गर्दी असतेच. अंगारकी असली तर फलाटावर पाय ठेवायला जागा नसते. कुणाच्या मुलीचे लग्न जमत नाही, कुणाची नोकरी अडली आहे, कुणाच्या घरी दुखणे आहे. जो तो आपले ओझे देवापुढे ठेवतो आणि जरा हलका होऊन परतीच्या गाडीत बसतो.

पण त्याच फलाटावर रोज आणखी एक गर्दी असते. ती देवासाठी आलेली नसते. हातात डबा, खिशात पास आणि डोळ्यांवर झोप घेऊन ती मुंबईच्या गाडीची वाट पाहत असते. जायला सुमारे दीड तास, यायला तितकाच. मुंबईत घर परवडत नाही म्हणून इकडे राहायला आलेले लोक त्यात असतात, तसेच काळू नदीच्या आसपासच्या खेड्यांतून नोकरीला जाणारी शेतकऱ्यांची मुलेही असतात. टिटवाळा आता कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेत आहे, पण चार पावले बाहेर पडलात की भाताची खाचरे दिसतात. या दुसऱ्या गर्दीने आपल्या मनावरचे ओझे कुठे उतरवायचे? आज मला तुमच्याशी त्याविषयी बोलायचे आहे.

तुम्ही म्हणाल, आमच्या गावाला रेल्वेच नाही, आम्हाला याचे काय? पण ज्या गावात शेतीपंपाला रात्रीची वीज मिळते, तिथला शेतकरी मध्यरात्री उठून पिकाला दारे धरतो. कारखान्यात पाळी असते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचा दिवस तर कधी सुरू होतो आणि कधी संपतो, ते त्याचे त्यालाच ठाऊक. तेव्हा गोष्ट टिटवाळ्याची असली तरी ती तुमच्या घरचीही असू शकते.

माझा पेशा शिक्षकाचा. टिटवाळ्याजवळच्या एका खेड्यातली सकाळची शाळा. सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. पहिल्याच तासाला त्याचा डोळा लागे. मी त्याला उठवी, उभा करी. एक-दोनदा सगळ्या वर्गासमोर मी त्याला आळशी म्हणालो. मुले हसली, तोही कसनुसा हसला. पुढे पुढे तो वर्गात बोलेनासा झाला, खेळायलाही जाईना. मग एके दिवशी मी त्याला बाजूला घेऊन विचारले, "काय रे, रात्री करतोस तरी काय?"

तो म्हणाला, "गुरुजी, बाबा पावणेअकराच्या गाडीनं येतात. ते आले की आम्ही जेवतो. आई म्हणते, दिवसभर राबून आलेल्या माणसानं एकटं जेवायचं नाही."

श्रोतेहो, मी गप्पच झालो. ज्याला मी आळस म्हणत होतो, ती त्या घरातली माया होती. अकरानंतर जेवण, निजायला बारा, सहाला उठून पाणी भरायचे आणि सव्वासातला शाळा. बारा-तेरा वर्षांच्या पोराला सहा तासांचीही पुरती झोप नव्हती.

पुढल्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. दहा वाजून गेले होते, तरी वडील अंथरुणातच होते, भिंतीकडे तोंड करून. हा गडी गावच्या भजनात पखवाज वाजवणारा. पखवाज खोळीत घालून खुंटीला टांगलेला होता. त्याची बायको म्हणाली, "कामाचा शीण आहे गुरुजी, दुसरं काय." थोड्या वेळाने तो उठून बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "गुरुजी, झोपच येत नाही हो. गाडीत डोळे मिटतात आणि घरी उघडे राहतात. मग थोडी घेतो, तेव्हा कुठं डोळा लागतो."

एका घरात तीन माणसे. मुलगा पेंगतो, बाप भिंतीकडे तोंड करून पडतो, आई दोघांकडे पाहून मुकाट होते. वरवर पाहता या तीन वेगळ्या गोष्टी, पण धागा एकच. दिवसाची घडी विसकटली की मनाचीही विसकटते.

हे कसे होते ते आता पाहू. कोंबड्याला घड्याळ लागत नाही, गाय वेळ झाली की दावणीला येते. तसेच एक घड्याळ आपल्या शरीरातही आहे. कोणत्या वेळी झोप यावी, कधी भूक लागावी, कधी अंगात ऊब आणि हुशारी असावी, हे ते ठरवते. हे घड्याळ पेशींच्या आत कसे चालते, याचा शोध लावणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या घड्याळाला रोज किल्ली द्यावी लागते आणि ती किल्ली म्हणजे सकाळचा उजेड. डोळ्यांवर सकाळचा उजेड पडला की शरीराला कळते, दिवस उगवला. अंधार पडला की झोपेची तयारी सुरू होते. आता रात्री बारापर्यंत दिवे आणि मोबाईलचा पडदा डोळ्यांसमोर असला, आणि सकाळी दहापर्यंत अंधाऱ्या खोलीत पडून राहिले, तर त्या घड्याळाने वेळ तरी कशावरून ओळखायची? ते चुकू लागते. मग रात्री झोप येत नाही, दिवसा उत्साह येत नाही, लहानसहान गोष्टींवर चिडचिड होते, आणि जे आवडत होते ते आवडेनासे होते.

तेव्हा पहिली सवय झोपेची. मोठ्या माणसाला निदान ७ तास झोप हवी. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास, तेरा ते अठराच्या मुलाला ८ ते १० तास हवी. मुलांच्या झोपेची गोष्ट सरकारलाही पटली. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत असा निर्णय काढला. पण शाळा उशिरा भरली आणि घरचा दिवा आणखी उशिरा मालवला, तर काय उपयोग? आणि पाचवी-सहावीच्या पुढच्या मुलांची झोप तर घरानेच राखायची आहे.

झोपेचे एक साधे सूत्र सांगतो. निजण्याची वेळ आपल्या हाती नसेल, पण उठण्याची वेळ बहुधा असते. ती एकच ठेवा, सुट्टीच्या दिवशीही. सहा दिवस सहाला उठायचे आणि रविवारी अकराला, हे शरीराला एका दिवसाचा परदेश घडवून आणण्यासारखे आहे. सोमवार जड जातो तो केवळ कामामुळे नव्हे.

दुसरी सवय उजेडाची आणि चालण्याची. उठल्यावर तासाभरात घराबाहेर पडा. नदीकाठ असेल तर उत्तमच, नसेल तर बांधावर, रस्त्यावर, अंगणात. पावसाळ्यात आपल्याकडे दिवसच्या दिवस सूर्य दिसत नाही. तरीही ढगाळ दिवसाचा बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. चालण्याने मन हलके होते हे वाडवडिलांना ठाऊक होतेच. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सुरू केले, ते काही फक्त दंड फुगवण्यासाठी नव्हते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात १९९९ साली खिन्नतेचा आजार असलेल्या, पन्नाशीच्या वरच्या १५६ जणांवर प्रयोग झाला. काहींना औषध दिले, काहींना नेमाने व्यायाम दिला, काहींना दोन्ही दिले. औषधाचा गुण आधी दिसू लागला, पण सोळा आठवड्यांनी पाहिले तर तिन्ही गटांना सारखाच आराम पडलेला होता.

पण इथे एक सावधगिरी घ्या. भातलावणीत दिवसभर वाकून कंबर धरलेल्या बाईला व्यायामाचा उपदेश करू नका. तिचे चालणे-वाकणे झालेले आहे. तिला विसावा हवा आणि कुणीतरी हातातले काम घ्यायला हवे. व्यायाम सांगायचा तो दिवसभर खुर्चीवर, गाडीत किंवा टपरीवर बसणाऱ्याला.

तिसरी गोष्ट खाण्यापिण्याची. वेळेवर जेवण ही अर्धी झोप आहे. पोट भरले आणि लगेच आडवे झाले तर झोप हलकी लागते. चहाचेही तसेच. चहा-कॉफीत जो उत्तेजक अंश असतो, त्याचा निम्मा भाग साधारण पाच तासांनंतरही अंगात उरतो. म्हणजे रात्री आठला दादरला घेतलेला कटिंग एकच्या ठोक्यालाही थोडा जागाच असतो. मशेरीचेही तेच. आमच्या ठाणे जिल्ह्यातल्या कितीतरी मायबहिणी सकाळ-संध्याकाळ मशेरी लावतात. त्याने बरे वाटते असे त्या म्हणतात. खरे म्हणजे तंबाखूची तलफ अंगाला अस्वस्थ करते आणि मशेरीने ती तलफ तेवढी भागते. ते बरे वाटणे मशेरीनेच आधी काढून घेतलेले असते. आणि दारू? दारूने डोळा लागतो हे खरे, पण ती उत्तररात्रीची झोप मोडते. तीनला जाग येते, छाती धडधडते, नको ते विचार येतात. दुसऱ्या दिवशी मन आणखी खचते, म्हणून पुन्हा थोडी. या रहाटाला अंत नाही.

चौथी सवय मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती माणसांची. मुंबईच्या गाड्यांमध्ये भजनी मंडळांची जुनी प्रथा आहे. डब्याचा एक कोपरा ठरलेला, माणसे ठरलेली, टाळ पिशवीत. कामावर जाता-येता अभंग म्हणायचे. बायकांच्या डब्यात पाहाल तर कुणी मेथी निवडते आहे, कुणी मटार सोलते आहे, आणि तोंडाने घरचे सगळे सांगून होते आहे. मला तर हा प्रवाशांचा दवाखानाच वाटतो. एखादी चार दिवस दिसली नाही तर चौकशी होते, चेहरा उतरला असेल तर शेजारची विचारते, "काय गं, काय झालं?" हा प्रश्न विचारणारे कुणी असणे, हे मनाला फार मोठे औषध आहे. आता मात्र एका बाकावर तिघे बसतात आणि तिघांच्या कानात तीन वेगळ्या गोष्टी चाललेल्या असतात. मोबाईल वाईट आहे असे मी म्हणत नाही. दूरच्या लेकीचा आवाज त्यावरच ऐकू येतो. पण त्याने जवळच्या माणसाचा आवाज बंद करू नये. गावच्या पारावर, ओट्यावर, हरिपाठाला, महिला बचत गटाच्या बैठकीला जाण्याची सवय मोडली असेल तर ती पुन्हा लावा. काम नसले तरी जा.

आता त्या घराकडे परत जाऊ. मी त्या माउलीला म्हणालो, "बाई, एकत्र जेवायचं सोडू नका, फक्त वेळ बदला." ठरले असे. मुलाने आईबरोबर आठला जेवायचे आणि साडेनऊला निजायचे. वडील आले की आईने त्यांच्याजवळ बसायचे, मऊ भात आणि आमटी एवढेच वाढायचे. आणि वडिलांनी सकाळी साडेसहाला उठून मुलाला शाळेत पोचवायला चालत यायचे. पूर्वी ते नऊ-साडेनऊला उठत, अंघोळ करत आणि अकराला गाडीला पळत. सूर्य त्यांना दिसे तो गाडीच्या खिडकीतून. आता बापलेक सकाळी वीस मिनिटे बरोबर चालू लागले. त्यात उजेड आला, चालणे आले, बोलणेही आले. तीन औषधे एका पुडीत.

मुलगा महिन्याभरात टवटवीत झाला. मी वर्गासमोर त्याला आळशी म्हणालो होतो, म्हणून वर्गासमोरच त्याची माफी मागितली. पण वडिलांना गुण आला नाही. ते चालत यायचे, पण चेहरा तसाच. एके सकाळी शाळेच्या फाटकाशी ते मला म्हणाले, "गुरुजी, सगळं करतोय हो. पण आतून काहीच वाटत नाही. कधी कधी वाटतं, फलाटावरून एक पाऊल पुढं टाकावं आणि संपवावं."

श्रोतेहो, इथे सवयींची हद्द संपते. चांगल्या सवयी हा मनाच्या शेताचा बांध आहे. बांध असला तर रोजचा पाऊस शेत वाहून नेत नाही. पण पूर आला तर बांधाला दोष देत बसायचे नसते. मदत बोलवायची असते. आजारी मनाच्या माणसाला "लवकर उठत जा, फिरायला जा म्हणजे बरा होशील" एवढेच सांगणे म्हणजे ताप चढलेल्याला वारा घालण्यासारखे आहे. त्याने थोडे बरे वाटेल, पण ताप उतरायला औषधच लागेल.

मी त्यांना घरी एकटे सोडले नाही. त्यांच्या बायकोला आणि भावाला सांगितले, आणि त्याच दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. औषध सुरू झाले, दारू सोडण्यासाठीही डॉक्टरांनी हात दिला. दोन-तीन आठवडे काहीच फरक दिसेना, तेव्हा घरच्यांचा धीर सुटू लागला. डॉक्टर म्हणाले, थांबा, वेळ लागतो. खरोखरच वेळ लागला. पुष्कळ महिन्यांनी खुंटीवरचा पखवाज खाली आला. त्यांची पाळी तीच आहे, गाडी तीच आहे, कर्जाचा हप्ताही तोच आहे. पण माणूस आपला परत आला.

आपल्याकडे कुणी जरा वेगळे वागले की "याला ठाण्याला पाठवा" म्हणून हसण्याची रीत आहे. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालापासूनचे. त्या एका थट्टेने कितीतरी माणसांना वेळेवर डॉक्टरांकडे जाण्यापासून अडवले असेल. खरे तर मनाच्या आजाराची बहुतेक माणसे औषध घेऊन घरीच राहतात, कामावर जातात. त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली मानसिक आरोग्याची संस्था काढली, आणि मनाविषयी चारचौघांत मोकळेपणाने बोलावे हा विचार तिने महाराष्ट्रभर नेला.

खुणा लक्षात ठेवा. सलग दोन आठवडे मन उदास, कशातच रस नाही, झोप आणि भूक बिघडलेली, कामात लक्ष लागत नाही, आपण कुचकामी आहोत असे वाटते; असे दिसले की जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना सांगा. मरणाची भाषा कुणी केली तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी हालचाल करा आणि त्या माणसाला एकटे ठेवू नका. टेलिमानस ही सरकारची फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही फोन लागतो आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक शाळेच्या फळ्यावर आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी दवाखान्यात मनाचे उपचार मिळणे हा आपला हक्क ठरवला आहे. देवाला जरूर जा, नवस बोला. पण बाधा झाली म्हणून आजारी माणसाला साखळीने बांधणे, चटके देणे हा २०१३ च्या आपल्या राज्याच्या कायद्याने गुन्हा आहे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना शेवटी एक विनंती. वर्गात पेंगणाऱ्या, गप्प झालेल्या, विनाकारण चिडणाऱ्या मुलाला शिक्षा करण्याआधी तीन प्रश्न विचारा: रात्री किती वाजता निजलास? काय जेवलास? घरी सगळे ठीक आहे ना? मी ते उशिरा विचारले. तुम्ही उशीर करू नका.

आणि तुम्ही सर्वांनी, श्रोतेहो, सगळे एकदम बदलायला जाऊ नका. गाडीची वेळ, पाऊसपाणी, बाजारभाव हे आपल्या हाती नाही, आणि त्यांचा भार मनावर पडणारच. पण उद्या सकाळी ठरल्या वेळी उठणे, दहा मिनिटे बाहेर उजेडात चालणे, आणि घरातल्या किंवा शेजारच्या एका माणसाला "कसं काय चाललंय?" म्हणून विचारून त्याचे उत्तर पुरते ऐकून घेणे, एवढे तर आपल्या हाती आहे. तिथून सुरुवात करू या.